दहाव्या अनुसूचीतील परिच्छेद ५ विसरू नये

विधानसभेच्या अध्यक्षाने पक्ष सोडला तर पक्षांतरबंदी कायद्याखाली त्याची आमदारकी जाईल, म्हणून त्याला पक्षात राहावेच लागते, हे आपण प्रसिद्ध केलेल्या लेखातील विधान चुकीचे आहे. १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत आलेल्या दहाव्या अनुसूचीच्या, म्हणजेच पक्षांतरबंदी कायद्याच्या, परिच्छेद ५ मध्ये नेमकी हीच सूट दिलेली आहे: अध्यक्षपदी निवड झाल्यामुळे एखाद्याने पक्षाचे सदस्यत्व सोडले आणि पदावर असेपर्यंत तो पुन्हा पक्षात गेला नाही, तर तो अपात्र ठरत नाही. विधान परिषदेच्या सभापतींनाही ती लागू आहे. मी बरीच वर्षे नागरिकशास्त्र शिकवले. ही तरतूद सांगितली की मुले हमखास विचारीत, मग कोणी पक्ष सोडत का नाही? मी त्यांना नीलम संजीव रेड्डी यांचे उदाहरण देत असे, ज्यांनी १९६७ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष होताच काँग्रेसचा राजीनामा दिला, आणि तेही असा कायदा अस्तित्वात नसताना.

पक्षांतर केलेल्या आमदारांच्या अपात्रतेच्या याचिकांवर निर्णय देण्याचा अधिकार त्याच अनुसूचीने अध्यक्षांकडे सोपवला आहे; पक्षात राहिलेला अध्यक्षच हा निवाडा करतो, म्हणून या सवलतीचा वापर न होणे मला फार गंभीर वाटते. अडचण कायद्याची नाही, पुढच्या निवडणुकीत पक्षाकडून मिळणाऱ्या उमेदवारीची आहे, आणि लेखात तिचा उल्लेखही नाही.