शकात 78 मिळवले की झालं? पाडव्याच्या मेसेजला उत्तर

पाडवा जवळ आला की गावच्या ग्रुपवर हा मेसेज येतोच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शालिवाहनाने शकांना हरवून इ.स. 78 मध्ये शक सुरू केला, आणि आकड्यांनी वर्षं मोजायला जग तिथून शिकलं; रोमन लोक तर वर्षाला कॉन्सुलांच्या, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या, नावाने ओळखत. विदर्भातल्या प्रत्येक ताम्रपटावर हाच शक असतो. त्यात 78 मिळवा, इसवी सन हातात. आकडा झिजला असेल तर संवत्सराचं नाव पुरतं.

आधी ताम्रपट, कारण खरी गफलत तिथेच होते. अचलपूरकडच्या चम्मकचा, वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट घ्या. शेवटी तारीख आहे: संवत्सर (म्हणजे वर्ष) 18, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. मेसेजच्या हिशेबाने 18 अधिक 78, म्हणजे इ.स. 96. पण प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, आणि चंद्रगुप्ताचा मथुरेचा लेख गुप्तांच्या स्वतःच्या गणनेतल्या वर्ष 61 चा, म्हणजे इ.स. 380 चा. नातू आजोबांच्या तीनशे वर्षं आधी राज्य करून गेला म्हणायचं का? हे 18 त्याच्या स्वतःच्या राज्याचं वर्ष आहे. राजा बदलला की मोजणी पुन्हा 1 पासून. वाकाटकांच्या दानपत्रांची हीच रीत.

वाचतानाही फसायला होतं. त्या काळच्या अंकलेखनात 10 ला एक चिन्ह आणि 8 ला दुसरं. दोन्ही शेजारी आले की बेरीज करायची, 18. आजच्या सवयीने वाचलं तर 108 होतात.

वाकाटकांकडे शक अजिबात नाही असंही नाही. वाशीमजवळच्या हिस्से-बोराळ्याच्या देवसेनाच्या काळातल्या शिलालेखात 380 हा शक आहे. पण तो अपवाद, आणि तिथेही नुसती बेरीज पुरत नाही. 380 वर्षं सरलेली धरली तर इ.स. 458-59, चालू वर्ष 380 वं धरलं तर 457-58. गत शक असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेर 78 आणि जानेवारी ते फाल्गुन 79 मिळवायचे. चालू असेल तर एकेक कमी. लेखात ‘अतिक्रान्त’, ‘गत’ असे शब्द आहेत का, हे म्हणून आधी बघायचं.

आता शालिवाहन. शालिवाहन म्हणून ज्या सातवाहन राजांचं नाव पुढे केलं जातं त्यांनी स्वतः हा शक वापरलेला दिसत नाही. नाशिकच्या लेण्यात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीचा लेख आहे: राज्यवर्ष 19, ग्रीष्माचा दुसरा पक्ष, दिवस 13. महिन्याचं नावसुद्धा नाही. उलट शक वापरत होते क्षत्रप, म्हणजे पश्चिम भारतातले शक राजे. कच्छमधल्या अंधौचा चष्टन-रुद्रदामनच्या काळातला लेख वर्ष 52 चा, म्हणजे इ.स. 130 च्या सुमाराचा. बदामीच्या लेण्यात चालुक्य मंगलेशाचा लेख तर ‘शकनृपतीच्या राज्याभिषेकाला 500 वर्षं झाली’ असंच सांगतो. पराभवाचा उल्लेख नाही, अभिषेकाचा आहे. शालिवाहनाचं नाव या गणनेला चिकटलं ते कित्येक शतकांनी.

‘जग आपल्याकडून शिकलं’ हे दोन ओळींत मिटतं. बाबिलोनमध्ये अलेक्झांडरचा सेनापती सेल्युकस याच्या राज्यापासूनची गणना इ.स.पू. 311 पासून चालली, आणि तो मेल्यावर त्याच्या मुलाने ती पुन्हा 1 वर आणली नाही. रोमन लोक मात्र खरंच त्या वर्षीच्या दोन कॉन्सुलांच्या नावाने वर्ष ओळखत. म्हणून त्यांना कॉन्सुलांच्या याद्या सांभाळाव्या लागत. तेवढं मेसेजचं बरोबर आहे.

राहिलं संवत्सर. नावं 60, म्हणजे तेच नाव दर 60 वर्षांनी परत येतं. शकात 12 मिळवून 60 ने भागा, बाकी तो क्रमांक: 1947 अधिक 12 म्हणजे 1959, बाकी 39, विश्वावसू. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. हे आपल्या दक्षिणी पद्धतीत. उत्तरेत गुरूच्या गतीवरून मोजतात, तिथे साधारण 85 वर्षांनी एक नाव गळतं, त्यामुळे एकाच वर्षाचं नाव दोन्हीकडे वेगळं निघतं. नुसत्या नावावरून शतक ठरत नाही; आकडा, तिथी आणि असलाच तर वार, यांची पडताळणी करायला ते नाव कामाचं.

आणि वऱ्हाडात घरातल्या पेटीत शेताचे निजामकालीन कागद असतील, तर त्यावरचा सन बहुधा फसली, म्हणजे शेतसाऱ्यासाठीचा, असतो. त्यात 78 नाही, साधारण 590 मिळवायचे.