ऑनलाइन खरेदीवर कर लागत नाही, हे खोटं आहे

नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय : ऑनलाइन खरेदीला जीएसटी नाही म्हणून तिथे स्वस्त, कर फक्त मेन रोडच्या दुकानदाराला, ऑनलाइन विक्रेते कर बुडवतात आणि जो भरतात तोही महाराष्ट्राला मिळत नाही. दुकानदारांबद्दलची कळकळ मलाही आहे. पण यातलं एकही विधान टिकत नाही.

जीएसटी वस्तूवर लागतो, मग ती कुठूनही घ्या. मूळ किंमत 10,000 असलेल्या मोबाइलवर एमजी रोडच्या दुकानात 1,800 रुपये कर आणि अ‍ॅपवरही 1,800च. अ‍ॅपवर तो दिसत नाही, कारण किमतीतच धरलेला असतो. ऑर्डरचं बिल उघडा, सापडेल.

बुडवण्याचं म्हणाल तर ऑनलाइन ते जास्त अवघड आहे. विक्रेत्याच्या पैशांतून अ‍ॅपची कंपनी आधीच 0.5 टक्का कापून सरकारजमा करते (जुलै 2024पर्यंत 1 टक्का होता) आणि त्याची विक्रीही कळवते. सिडकोत घरी मसाले करून विकणाऱ्या ताईंना वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. तेच मसाले अ‍ॅपवरून परराज्यात पाठवायचे तर पहिल्या पाकिटापासून लागते.

महाराष्ट्राच्या वाट्याबद्दलचा गैरसमज बिलामुळेच होतो. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक 27ने सुरू होत असेल तर तो महाराष्ट्रातला. मग बिलावर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) निम्मे-निम्मे दिसतात. माल हरियाणातून आला तर फक्त आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा एकत्रित कर) दिसतो आणि लोकांना वाटतं, राज्याचा हिस्सा बुडाला. पण हा कर जिथे माल पोचतो तिथला. डिलिव्हरी नाशिकला, म्हणजे राज्याचा वाटा महाराष्ट्राला, हरियाणाला नाही.

या मजकुराचा फटका दुकानदारालाच बसतो, म्हणून मला राग येतो. गिऱ्हाईक म्हणतं, "तिकडे कर नाही, तुम्हीही बिल नका करू." बिनबिलाच्या मालात वॉरंटीचे वांधे होतात, आणि पकडला जातो तो दुकानदार.

ऑनलाइन दर कमी असतात ते घाऊक खरेदीमुळे आणि बँकेच्या ऑफरमुळे. व्यापाऱ्यांची खरी तक्रार वेगळीच आहे. जानेवारी 2020 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला, तो दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून. मुद्दे होते भरमसाट सवलती, फक्त ऑनलाइनच मिळणारे मोबाइल आणि ठरावीक विक्रेत्यांना झुकतं माप. एमजी रोडच्या दुकानदारांसाठी भांडायचं असेल तर या मुद्द्यांवर भांडूया.