वधूस पन्नास टक्के सवलत

माझी एकच अट होती. लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून कुठेही न्या, पण तिथे गेल्यावर मला काहीही करायचं नाही. देवदर्शन नाही, पॉइंट नाहीत, जमवून जमवून कुणासाठी किचेनी घेणं नाही. समुद्र, खुर्ची आणि मी.

हे "बरं" म्हणाले. ह्यांचं नुसतं "बरं" म्हणजे काम माझ्याकडे आलं, एवढं तर मला आता कळतं. त्या काहीही न करण्यासाठी मी जून ते नोव्हेंबर राबले.

जागा ठरायला वेळ लागला नाही. जाऊबाई नुकत्याच बालीहून आल्या होत्या आणि घरच्या ग्रुपवर रोज नाश्त्याच्या वेळी पाच-सहा फोटो सोडत होत्या, त्यामुळे गोवा बाद झालं. बाली तर बादच. मालदीवमध्ये बहुतेक वेळा हॉटेल म्हणजेच अख्खं बेट, तेव्हा "जेवण नाही आवडलं तर उठून जायचं कुठे?" हा ह्यांचा प्रश्न बिनतोड होता. उरलं मॉरिशस. मुंबईहून थेट विमान, सहा-साडेसहा तास, आणि आपल्या पासपोर्टला आधी व्हिसा काढायला नको. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते हे कळल्यावर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, "मग आपलंच आहे की" म्हणाल्या आणि त्यांनी परवानगी दिली. मागितली नव्हती.

नकाशावर मॉरिशस म्हणजे पेन टेकल्याची खूण. आमच्या नाशिक जिल्ह्यात तसली सात-आठ बेटं आरामात बसतील. एवढ्याशा जागेत हॉटेल निवडायला असा किती वेळ लागणार, असं मला वाटलं होतं. पण त्या टिकलीला चार बाजू आहेत आणि चारही बाजूंचे स्वभाव वेगळे. पूर्वेला वाळू सुरेख पण वारा फार. पश्चिमेला समुद्र शांत आणि सूर्यास्त. उत्तरेला ग्रां बे, तिथे बाजार नि गर्दी. दक्षिणेला कडे आणि उसळत्या लाटा. ह्यांना पूर्व हवी होती, कारण सूर्योदय. मला पश्चिम, कारण सूर्यास्त बघायला उठावं लागत नाही. शेवटी घड्याळाने माझी बाजू घेतली. मॉरिशस आपल्या दीड तास मागे. म्हणजे रोज पाचला उठणारे हे तिथे साडेतीनला उठून बसणार आणि सूर्य उगवेपर्यंत खोलीत चपला शोधत फिरणार. ह्यांनी स्वतःच पश्चिमेवर खूण केली.

महिन्याचंही असंच. जानेवारी ते मार्च वादळांचे दिवस. जून ते ऑगस्ट त्यांचा हिवाळा. तो आपल्या गुलाबी थंडीइतकाही नसतो, पण "थंडीत समुद्रावर जायला मी काय कोळी आहे?" असं आमच्याकडे म्हटलं गेलं. दिवाळीनंतरचा नोव्हेंबर ठरला. आमचं लग्नही २६ नोव्हेंबर २००० चं.

मग खोली. गार्डन व्ह्यू, सी व्ह्यू, बीचफ्रंट, आणि ह्या सगळ्यांत पैशांच्या मानाने मधली म्हणजे पार्शल सी व्ह्यू. ह्यांनी हॉटेलला मेल टाकला की पार्शल म्हणजे नक्की किती? उत्तर आलं की बाल्कनीच्या डाव्या कोपऱ्यात उभं राहिलं की समुद्र दिसतो. हे लगेच आमच्या बाल्कनीत डाव्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. गॅसचा टेम्पो दिसला.

खरा संसार हादरला तो जेवणावरून. हाफ बोर्ड म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण, दुपारी आपलं आपण. ऑल इन्क्लुझिव्ह म्हणजे दिवसभर खाणं, आणि पिणंही. आमच्याकडे पिण्यात ताक येतं. तरीही हे दोन रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसले. फरक भरून काढायला माणशी रोज किती लिंबू सरबतं प्यावी लागतील? अकरा. मग बऱ्याच विचाराअंती, चोपन्नाव्या वर्षी बिअर सुरू केली तर हिशेब बसतो का, हेही तपासून झालं. बसत होता. मी हाफ बोर्ड घेतलं आणि दुपारसाठी धोल पुरी शोधून ठेवली. मॉरिशसमध्ये ही रस्त्यावर मिळते. डाळ भरलेली पातळ पोळी, आत भाजी आणि चटणी, वर गुंडाळी. आपल्या पुरणपोळीची तिखट मावसबहीण म्हणायला हरकत नाही.

सप्टेंबरपर्यंत मी हॉटेलांचे एवढे अभिप्राय वाचले की ती माणसं घरातली वाटायला लागली. एका बाईंना गादी मऊ वाटली होती, त्याच आठवड्यात दुसऱ्या बाईंना तीच कडक. एका गृहस्थांनी पाच दिवसांत जिरा राइस न मिळाल्याबद्दल जे लिहिलं होतं, ते वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एकाने चक्क पक्ष्यांची तक्रार केली होती. नाश्त्याच्या टेबलावर येतात आणि साखरेत चोच घालतात. खाली फोटो. बघते तर डोक्यावर तुरा, गालावर लाल ठिपका, आपला शिपाई बुलबुल! आपल्याकडूनच तिकडे नेऊन सोडलेला, आता तिथे रग्गड झालाय. माझ्या जास्वंदीवर रोज फुकट बसतो तो पक्षी बघायला मी साडेचार हजार किलोमीटर आणि एवढे पैसे घालवणार होते.

त्या बेटाची सगळीच गंमत आहे. नाव डचांनी दिलं, क्रिओल बोली फ्रेंचांमुळे आली, भिंतीतला चौकोनी पिनांचा प्लग इंग्रजांचा, आणि उसात राबायला माणसं आपली. १८३४ पासून करारावर भरून नेली. त्यात कोकणातले नि साताऱ्याकडचे मराठी लोकही होते, मुंबई बंदरातून गेलेले. त्यांनी कोणता व्ह्यू मागितला असेल, असं मध्येच मनात आलं आणि मी पार्शल सी व्ह्यू बुक करून टाकला.

बुक करताना तळाशी बारीक अक्षरात एक ओळ दिसली. हनिमून किंवा लग्नाचा वाढदिवस असल्यास वधूस पन्नास टक्के सवलत. वाढदिवस पाचच्या पाढ्यातला हवा, मुक्काम त्याच्या आगेमागे तीन महिन्यांत हवा, आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडायला हवं.

"वधू म्हणजे तू," हे म्हणाले. पंचवीस वर्षांत माझ्याकडे इतक्या आदराने त्यांनी पाहिलं नव्हतं.

"प्रमाणपत्र कुठाय?"

प्रमाणपत्र नव्हतं. आमचं लग्न भटजी, चारशे माणसं आणि अग्नी यांच्या समक्ष झालं होतं. सरकारला कुणी कळवलंच नव्हतं.

आता लग्न आधी होऊन नोंदणी उशिरा करता येते, त्यात काही अडचण नाही. फक्त कागद लागतात. वयाचे पुरावे, पत्त्याचे पुरावे, लग्नातला दोघांचा एकत्र फोटो, लग्नपत्रिका, लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. यादी वाचून हे म्हणाले, "ह्यापेक्षा पुन्हा लग्न केलेलं स्वस्त पडेल." कुणाशी, ते मी विचारलं नाही.

फोटो अल्बममध्ये होता, पण त्यात आमच्या दोघांच्या मध्ये कुणाचा तरी हात अक्षता टाकताना आडवा आला होता आणि वराचं तोंड झाकलं गेलं होतं. दुसऱ्या फोटोत वराचे डोळे मिटलेले. तिसरा चालला. पत्रिका आईंच्या ट्रंकेत, शालूच्या घडीत, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट सापडली. "आमच्या येथे श्रीकृपेकरून" पासून सुरुवात, कोपऱ्यात "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!" आणि ते म्हणणाऱ्या, तेव्हा जेमतेम बोलणाऱ्या, चिंटूचं नाव. चिंटू आता कॅनडात आहे, त्याला टक्कल पडलंय. सर्वांत खाली, चौकटीत, "कृपया आहेर आणू नये." असं छापूनही सात लेमन सेट आले होते. दोन अजून माळ्यावर आहेत.

भटजी आता ऐंशीच्या पुढे गेलेत. त्यांनी आम्हाला ओळखलं नाही. तारीख सांगितल्यावर डोळे मिटून म्हणाले, "त्या दिवशी माझ्याकडे तीन लग्नं होती. तुमचं कुठलं? मठ्ठ्याचं पातेलं कलंडलं ते?"

"तेच," हे म्हणाले.

"हां. वराचा बूट भिजला होता." आणि त्यांनी सही केली. बूट आठवतो, वर आठवत नाही.

साक्षीदारांत एक मामा मिळाले, एक जुने शेजारी. तिसरं माणूस म्हणून जाऊबाईंना विचारण्यावाचून इलाज नव्हता. म्हणजे कशासाठी, तेही सांगावं लागलं. "मॉरिशस का? छान हो," त्या म्हणाल्या. "बालीपेक्षा जवळ पडतं." मी गिळलं. सहीची गरज होती.

नोंदणीच्या रांगेत पुढे-मागे सगळी कोवळी जोडपी. कुणाच्या हातावर मेंदी ताजी, कुणी पेढ्यांचा बॉक्स घेऊन आलेलं. मधे आम्ही, एकाच दिवशी केस रंगवलेले. टेबलापलीकडच्या ताईंनी नमुना तपासला, तारखेवर बोट ठेवलं, चष्मा वर केला.

"दोन हजार सालचं लग्न. मग आत्ता का?"

मी काहीतरी कायद्याबद्दल, जबाबदार नागरिकाबद्दल बोलणार होते. हे म्हणाले, "हिच्यावर पन्नास टक्के सूट आहे."

ताई बराच वेळ खाली बघून शिक्का शोधत होत्या. खांदे हलत होते. मग गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "वधूने इकडे सही करा." मागच्या मेंदीवालीने मला पेढा दिला आणि "अभिनंदन, काकू" म्हणाली.

हॉटेलला त्या प्रमाणपत्राचं एक पान हवं होतं. ह्यांनी अख्खी फाईल स्कॅन करून पाठवली. अर्ज, पत्रिका, बंद डोळ्यांचा फोटोसुद्धा. "असू दे, संशय नको."

उत्तर येईपर्यंत सामान. आईंनी दिवाळीचा फराळ मॉरिशसच्या हिशेबाने दुप्पट केला होता. मुलीने बंगळुरूहून फोनवर तपासणी घेतली. ताजी फळं नेऊ नका, तिथे अडवतात. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. आणि सुकं खोबरं चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.

"का म्हणे?" आईंनी फोन स्वतःकडे घेतला.

"आजी, त्यात तेल असतं. पेट घेऊ शकतं."

"पन्नास वर्षं फडताळात ठेवतेय. एकदा पेटलं नाही."

त्या संध्याकाळी आई दारात ताट घेऊन बसल्या आणि दोन किलो चिवड्यातून खोबऱ्याचे काप एकेक करून वेचले. बाजूला साठलेल्या ढिगाकडे बघून म्हणाल्या, "नारळाच्या देशात जाताय, आणि खोबरं चालत नाही." ह्यांनी तोवर वजनकाटा काढला होता. बॅग थेट काट्यावर ठेवली की आकडा दिसत नाही, म्हणून हे बॅग उचलून काट्यावर उभे राहिले. आता ह्यातून ह्यांचं वजन वजा करायचं. ते किती, हे विचारल्यावर ह्यांनी जे सांगितलं, ते साधारण लग्नातलं होतं. त्यानुसार बॅग ३६ किलोची निघाली. मी नऊ साड्या परत कपाटात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी ह्यांना एकट्याला काट्यावर उभं केलं आणि साड्या पुन्हा भरल्या.

आणि मग मेल आला. हॉटेलचं आरक्षण बघणाऱ्या मुलीचा. वरचा भाग नेहमीच्या इंग्रजीतला, तुमची सवलत मंजूर वगैरे. खाली मात्र चक्क देवनागरी.

"नमस्कार. आमच्या घरी क्रिओल बोलतात, परंतु मी शाळेत मराठी शिकले. माझ्या वडिलांचे पूर्वज कोकणातून आले होते. तुमची लग्नपत्रिका मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवली. 'मामाच्या लग्नाला यायचं हं' याने ते खूप हसले. एक शंका आहे. पंचवीस वर्षांच्या वधूवरांना आमच्याकडून फळांची परडी, केक व दोन तास बोटीची सैर भेट असते. परंतु पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' असे स्पष्ट लिहिले आहे. तरी भेट रद्द करावी काय?"

मी हे मोठ्याने वाचत होते. आई पदराने डोळे पुसत होत्या, "बघ, तिकडच्या पोरीने पत्रिका नीट वाचली. आपल्याकडच्या एकानेही वाचली नव्हती." हे काट्यावरून उतरून धावत आले, एका पायात चप्पल.

"लिही, आधी लिही तिला! म्हणावं, ती अट फक्त २६ नोव्हेंबर २००० पुरती होती."