तुर्कमेनिस्तानात वीज-पाणी-गॅस फुकट? आता नाही

‘तुर्कमेनिस्तानात जनतेला वीज, पाणी, गॅस फुकट मिळतो, आपल्याकडेच बिलं’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरतो आहे. तो शिळा आहे. ही सवलत खरीच होती. 1993 पासून, तेव्हाचे अध्यक्ष सापारमुराद नियाझोव यांच्या काळात सुरू झालेली. मीठसुद्धा त्यात होतं. पण 1 जानेवारी 2019 पासून ती बंद झाली.

कारण तिजोरीत आहे. देशाचा बहुतेक भाग काराकुम वाळवंट, जमिनीखाली मात्र जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक असलेला नैसर्गिक वायू. समुद्राला वाट नाही, म्हणून वायू विकायचा तर पाइपलाइन जाईल तिकडेच. 2014 नंतर भाव कोसळले, 2016 मध्ये रशियाने खरेदी थांबवली, 2017 च्या सुरुवातीला पैशांच्या वादातून इराणला जाणारा पुरवठा तुटला. उरलं मुख्य गिऱ्हाईक एकच, चीन. अफगाणिस्तान-पाकिस्तानमार्गे भारतापर्यंत येणारी ‘तापी’ वायुवाहिनी अजून पोहोचायची आहे.

आणि फुकट होतं तेव्हाही ‘सुखी जनता’ हा निष्कर्ष घाईचाच. तिथे खऱ्या अर्थाने विरोधी पक्ष नाही, स्वतंत्र वृत्तपत्रं नाहीत. गुर्बांगुली बर्दीमुहामेदोव यांच्यानंतर 2022 मध्ये त्यांचेच पुत्र सेरदार अध्यक्ष झाले. अशा ठिकाणी बिल वाढलं तर तक्रार करायची कुणाकडे, हे त्या मजकुरात नसतं.