नळ दुरुस्त करायला जर्मनी?

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाद दर दोन-तीन महिन्यांनी उकरला जातो. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, तेव्हापासूनचा. 'आपली पोरं जर्मनीला नळ दुरुस्त करायला पाठवायची? हीच का महासत्ता?' असं एकाने लिहिलं, खाली अंगठ्यांची रांग लागली, आणि इकडे स्टुटगार्टमध्ये मी रात्री साडेअकराला अंथरुणात उठून बसलो. त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसाची मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. उगीच नेली का?

मुळात 'नळ दुरुस्त करणं' म्हणजे काय, हेच या मंडळींना माहीत नाही. मागच्या हिवाळ्यात आमच्या हायझुंगचं, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या यंत्रणेचं, प्रेशर सारखं उतरायचं. मी आपला दर दोन दिवसांनी पाणी भरत होतो. शेवटी माइस्टर, म्हणजे वरची परीक्षा दिलेला उस्ताद कारागीर आला, सोबत तिसऱ्या वर्षाचा अझुबी, म्हणजे शिकाऊ पोरगा. माइस्टर खिशात हात घालून उभा. पोराने लाल टाकीच्या वॉल्व्हची टोपी काढली आणि पिन दाबली. हवा यायला हवी होती, आलं पाणी.

'मग?' माइस्टरने विचारलं.

'आतला पडदा फाटलाय. पाणी गरम होऊन फुगलं की जायला जागाच नाही, म्हणून सेफ्टी वॉल्व्हमधून बाहेर पडतं. थंड झालं की प्रेशर खाली.'

तासाभरात नवी टाकी बसली. जाताना जिन्यात उभं राहूनच पोराने फोनवर बेरिश्टहेफ्टमध्ये, म्हणजे प्रशिक्षणाच्या नोंदवहीत, नोंद केली. मी मेकॅनिकल इंजिनिअर, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. महिनाभर पाणी भरत होतो.

या पोराचं आउसबिल्डुंग, म्हणजे व्यवसाय प्रशिक्षण, साडेतीन वर्षांचं. आठवड्यातले एक-दोन दिवस बेरुफशुले ही व्यवसाय शाळा, बाकी प्रत्यक्ष काम, आणि पगार पहिल्या महिन्यापासून. २०२५ मध्ये पहिल्या वर्षासाठी कायद्याने ठरवलेला किमान आकडा महिना ६८२ युरो होता. खरी मेख पुढे आहे. शिकवतो मालक, पण परीक्षा चेंबर, म्हणजे त्या व्यवसायाची अधिकृत संस्था, घेतं. मालक स्वतःच्या गरजेपोटी शिकवतो, म्हणून शिकवलेलं वाया जात नाही. आणि परीक्षेचा कागद सगळीकडे चालतो, म्हणून पोरगा त्या एका मालकाच्या दावणीला बांधला जात नाही. तरुणांची बेकारी युरोपात सगळ्यात कमी असलेल्या देशांत जर्मनी असते, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

आपल्याकडे हे नाही असंही नाही. आयटीआयचं प्रशिक्षण १९५० पासून आहे, अप्रेंटिस कायदा १९६१ चा. जर्मनीचा यासंबंधीचा कायदा १९६९ चा, म्हणजे कागदावर आपण आठ वर्षं पुढे! हे मी ग्रुपवर मुद्दाम टाकलं. फरक आहे तो शिडीचा. इथल्या राष्ट्रीय पात्रता श्रेणीत माइस्टरची पातळी २०१२ पासून बॅचलरच्या बरोबरीची, सहावी. आपल्याकडे आयटीआय झालेल्या मुलाच्या लग्नाच्या बायोडेटात हळूच 'डिप्लोमा' लिहितात.

हानुशेक, वोसमन वगैरे अर्थतज्ज्ञांचा २०१७ चा एक अभ्यास आहे: व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांना सुरुवातीला काम लवकर मिळतं, पण तंत्रज्ञान बदलत गेलं की उतारवयात तीच मंडळी मागे पडतात. ग्रुपवर कुणाला तो माहीत नव्हता. मीही काढला नाही.

आणखीही एक गोष्ट काढली नाही. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपला फिटिंगचा जॉब असायचा, मेल-फीमेल जोड. माझा काही केल्या बसेना. व्हायव्हाच्या आदल्या दिवशी तिथल्या इन्स्ट्रक्टरने तो हातातून घेतला, व्हाइसमध्ये पकडला, दहा-बारा वेळा कानस मारली, उजेडाकडे धरून फट पाहिली आणि 'जा' म्हणाला. ते आयटीआयचे होते. बाहेरच्या परीक्षकाने मला पैकीच्या पैकी दिले. मी त्या इन्स्ट्रक्टरना थँक्यू म्हटल्याचंही आठवत नाही.

परवा वाद रंगात आला असताना एकाने शांतपणे विचारलं, 'तुझा मुलगा कुठे शिकतो रे?'

गिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत. चौथीला शाळेची शिफारस रेआलशुलेची होती, जिथून बरीच पोरं व्यवसाय प्रशिक्षणाकडे वळतात. तेव्हा ती बंधनकारक नव्हती, शेवटचा शब्द पालकांचा, आणि तो आम्ही वापरला. बाई म्हणाल्या, त्याचे हात छान चालतात. मला ते ऐकून अपमान झाल्यासारखं वाटलं. पोरगा सुतार झाला तरी चालेल, असं इथल्या बापाला म्हणता येतं. त्याच्या घराण्याची चार थडगी गावच्या चर्चमागे आहेत. मी अजून डॉक्टरकडे फोनवर आडनाव एकेक अक्षर सुटं करून सांगतो. डिग्री हाच माझा इथला सातबारा. तो पोराच्या नावावर चढवायचा नाही, हे मला जमत नाही. तिकडे येऊन राहायचं म्हटलं, तर तिथेही आता मी ज्ञान पाजळणारा पाहुणाच.

ग्रुपवर मी उत्तर दिलं नाही. निळ्या टिका तशाच आहेत.

पोराची या महिन्यात बोगी आहे, म्हणजे शाळेतर्फे प्रत्यक्ष कामाचा अनुभव, एक आठवडा. मी बँक सुचवली होती. त्याने त्याच हायझुंगवाल्याला परस्पर मेल टाकला आणि होकारही मिळवला. फॉर्मवर मी सही केली. आईला फोनवर सांगितलं, इंजिनिअरिंग कंपनीत जातोय.