जैसलमेरच्या किल्ल्यात मुक्काम करू नका

"जैसलमेरला जाऊन किल्ल्याबाहेर राहिलात तर पैसे वाया गेले." महिनाभर फिरणारा हा मेसेज काल मावशीच्या ग्रुपवर आला आणि तिने दिवाळीसाठी अकरा जणांच्या खोल्या किल्ल्यातच धरल्या. म्हणून लिहायला बसलोय.

त्यातलं सगळ्यात घातक वाक्य हे: "किल्ला साडेआठशे वर्षं उभा आहे, तुमच्या चार दिवसांनी काय होणार?" अहो, तो उभा राहिला कारण पाया कोरडा राहिला. रावळ जैसलने ११५६ साली तो बांधला ती त्रिकूट टेकडी म्हणजे आपल्या सह्याद्रीचा कातळ नव्हे. मऊ वालुकाश्म, त्यात चिकणमातीचे थर. पाणी गडीसर तलावातून डोक्यावर वाहून आणायचं, त्यामुळे ते घागरी मोजून वापरलं जायचं. आता नळ आलेत, खोलीखोलीत फ्लश आहेत. वाळवंटातल्या धुळीमुळे अकरा जणांनी दिवसातून दोनदा अंघोळ केली, तर वीस लिटरच्या बादलीने ४४० लिटर होतात. फ्लश वेगळाच. गळक्या गटारांतून हे पाणी टेकडीत मुरतं, माती सरकते, बुरूज खचतात. जगभरातल्या जुन्या वास्तू जपणाऱ्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने १९९६, १९९८ आणि २००० अशा तीन वेळा हा किल्ला धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातला. मुख्य दुखणं हेच, मुरणारं पाणी. ऑगस्ट २०२४ च्या पावसात तटाचा एक भाग कोसळलाही. मी गेलो होतो तेव्हा एका बुरुजाच्या पायथ्याला हात लावून पाहिला. बाहेर रणरणतं ऊन आणि दगड ओला. जुन्या वाड्याच्या भिंतीला लागतो तसा लोणा बोटांना लागला.

"बाहेरून किल्ल्याची मजा नाही" म्हणे. आत राहिलं की समोरच्या घराची भिंत दिसते. संध्याकाळी सोन्यासारखा पिवळा होणारा तट गावातल्या गच्चीवरूनच दिसतो.

"गाडी दारापर्यंत जाते." आतल्या बोळांत चारचाकी शिरतच नाही. मावशीच्या गुडघ्यांना तो फरसबंदी चढ झेपणार आहे का?

राहता राहिलं "स्थानिकांचं पोट". हे मात्र पटतं. किल्ल्यात आजही हजारो माणसं राहतात, त्यातल्या अनेकांची कमाई पाहुण्यांवरच आहे. मग आत जेवा, खरेदी करा, तिथलाच गाइड घ्या. झोपायला आणि अंघोळीला तेवढं खाली या.

मावशी, बुकिंग अजून रद्द होतंय. खाली गावात किल्ला दिसणारी गच्ची असलेल्या चार खोल्या बघून ठेवल्यात. रात्री फोन करतो.