केबिनमध्ये पाणी येतंय? सिलिकॉनची ट्यूब जरा बाजूला ठेवा

मृग लागला की पिकअपवाल्यांच्या मोबाइलवर एक मेसेज हटकून येतो. मजकूर थोडक्यात असा: 'केबिनमध्ये पाणी येतं ते समोरच्या काचेच्या रबरातूनच. सिलिकॉनची ट्यूब आणा, रबराच्या कडेनं बाहेरून फिरवा. दरवाजाच्या खालची भोकंही बुजवून टाका. आत साचलेलं पाणी गाडी उन्हात लावली की आपोआप सुकतं. मेकॅनिकची गरज नाही.' मी चिपळूणचा. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि या सल्ल्यापायी सडलेले पत्रे मी पाहिलेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'पाणी काचेच्या रबरातूनच येतं.' येतं, पण तिथूनच येतं हे खोटं. पाणी शिरतं एका जागी आणि दिसतं भलत्याच जागी. छपराच्या पन्हळीतल्या सांध्याला बारीक चीर गेली, तर पाणी खांबाच्या पोकळीतून उतरून थेट ड्रायव्हरच्या पायाशी निघतं. वायपरखालच्या जाळीत पाला साचला की पाणी तुंबतं आणि ब्लोअरच्या वाटेनं आत येतं. इंजिनाकडून वायरिंग केबिनमध्ये शिरतं तिथलं रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारी रबराची कडी, सुटलं असेल, तर क्लच पेडलच्या वरून थेंब पडतात. छपरावर कॅरिअर बसवताना मारलेली भोकं, एरियलचं बूड, मागच्या काचेचं रबर, हेही तपासा. आणि कोरड्या दिवशी एसी चालवल्यावर क्लीनर साइडला पाणी दिसलं, तर ते पावसाचं नाहीच, एसीची निचऱ्याची नळी तुंबली आहे. बोटाला बुळबुळीत लागणारं, गोडसर वासाचं, रंगीत पाणी म्हणजे हीटरकडून गळणारं कूलंट. त्यावर काचेला काहीही फासलं तरी काय उपयोग?

शोधायची रीत सोपी आहे, फक्त घाई नको. मॅटिंग आणि खांबांवरची प्लॅस्टिकची कव्हरं काढा, आतला पत्रा कोरड्या फडक्यानं पुसा. एक माणूस आत विजेरी घेऊन बसेल, दुसरा बाहेर साधा पाइप धरेल. धार बारीक ठेवायची. सर्व्हिसिंगचा प्रेशर पंप वापरू नका, पावसाचं पाणी जिथे कधी जात नाही तिथेही तो पाणी घुसवतो आणि गोंधळ वाढतो. सुरुवात खालून करायची: आधी दरवाजाचा खालचा भाग, मग वायपरची जाळी, मग काचेची खालची कड, मग बाजू, शेवटी छप्पर. प्रत्येक जागी चार-पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. संशयाच्या जागी आतून टाल्कम पावडर भुरभुरवा. पाणी उतरलं की त्या पांढऱ्यात काळपट रेघ उमटते, ती धरून वर जायचं. गाडी उतारावर उभी असतानाच पाणी येत असेल, तर पाइपनं तपासतानाही ती तशीच उतारावर लावा, सपाटीला ते सापडणार नाही.

'सिलिकॉन बाहेरून फिरवा.' माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे. बाजारातलं स्वस्त सिलिकॉन लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ना? ते ॲसिटिक ॲसिड असतं, आणि उघड्या पत्र्याला ते गंज चढवतं. धुळीवर, ओल्यावर ते धरत नाही. धरलं तर पाणी वरच्या फटीतून रबराखाली शिरतं आणि बाहेर पडायची वाट बंद झाल्यामुळे आतच मुरतं. दोन पावसाळ्यांनंतर डेंटरनं काच उतरवली की खालची कड पापडासारखी हातात येते. शिवाय सिलिकॉनच्या चिकट थरावर नंतर रंगही बसत नाही आणि काच चिकटवायचं पॉलियुरेथेनही धरत नाही.

खरा इलाज काच कशी बसवली आहे त्यावर आहे. रबरात बसवलेली असेल तर काच उतरवायची, गंज कोऱ्या पत्र्यापर्यंत खरवडायचा, प्रायमर आणि रंग मारून तो पूर्ण वाळू द्यायचा, मग नवं रबर घालायचं. रबराच्या आतल्या खाचेत दोरी भरतात, साबणाचं पाणी लावतात आणि बाहेरून काच दाबत आतून दोरी ओढतात, की रबराची कड पत्र्यावर चढत जाते. रबर आणि पत्रा यांच्यामध्ये न वाळणारा मऊ मॅस्टिक भरतात. चिकटवलेली काच असेल तर ती काचवाल्याकडूनच बसवून घ्या आणि तो सांगेल तेवढे तास गाडी हलवू नका.

'दरवाजाची भोकं बुजवा.' हे तर कृपा करून कधीच करू नका. दरवाजाच्या काचेच्या कडेनं पाणी आत उतरणारच, गाडी बनवणाऱ्यानं ते धरूनच खाली भोकं ठेवलेली असतात. ती बुजली की दरवाजा बादलीसारखा भरतो, पाणी उंबऱ्यावरून आत सांडतं आणि दरवाजा खालून कुजतो. उलट तारेनं ती मोकळी करा. माझ्या गाडीची क्लीनर साइड दोन पावसाळे ओली राहत होती. समोरच्या काचेवर दोनदा पैसे घातले. शेवटी भाच्यानं दरवाजाचा पॅड उघडला तर आतला प्लॅस्टिकचा कागद खालून फाटून लोंबत होता. काच वर-खाली करायचं मशीन बदलताना कुणीतरी तो ओरबाडून काढला होता आणि तसाच सोडला होता. दरवाजात उतरलेलं पाणी केबिनकडे येऊ न देता पुन्हा खाली वळवायचं, एवढंच त्या कागदाचं काम. जाड प्लॅस्टिक कापून ब्युटाइलच्या चिकट रबरी पट्टीनं चिकटवलं, खालचं टोक दरवाजाच्या आत खोचलं, आणि ओल थांबली.

'उन्हात सुकतं.' वरची मॅटिंग सुकते. तिच्याखालचा नमदा, म्हणजे फेल्टचा जाड थर, स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो, आणि वर रबरी मॅट असल्यामुळे वाफेलाही वाट नसते. २०२१च्या जुलैत चिपळुणात पूर आला, तेव्हा भिजलेल्या गाड्यांचा हा नमदा काढून फेकल्याशिवाय वास जात नव्हता. जमिनीच्या पत्र्याबरोबर तिथून जाणाऱ्या वायरिंगच्या जोडण्याही हिरव्या पडतात, आणि मग बत्त्या आपोआप लागणं-विझणं सुरू होतं.

'मेकॅनिकची गरज नाही' हे अर्धं मान्य. जाळी साफ करणं, ग्रोमेट बसवणं, दरवाजाचा कागद, ही कामं घरची आहेत. काच आणि गंज मात्र कारागिराकडेच द्या. आणि आतलं पाणी काढायला जमिनीची रबरी बुचं काढली असतील, तर पत्रा सुकल्यावर ती परत घट्ट बसवा, नाहीतर पहिल्याच भरलेल्या खड्ड्यातलं पाणी खालून वर येईल.